फॅमिन आणि ड्रॉट, दोघांनाही एकाच 'दुष्काळा'त घालू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात परदेशच्या पानावर 'आफ्रिकेत दुष्काळ, लाखो उपाशी' अशी हेडिंग येते आणि मराठवाड्याच्या पानावर 'पावसाचा खंड वाढला, दुष्काळाचं सावट' अशीही हेडिंग येते. दोन्हीकडं शब्द एकच, पण पहिल्या बातमीच्या मूळ इंग्रजीत असतं फॅमिन, म्हणजे अन्नावाचून माणसं मरणं, आणि दुसरी बातमी ज्या सरकारी कागदावरून येते त्यात असतं ड्रॉट, म्हणजे पावसा-पाण्याची तूट, आणि ह्या दोन शब्दांत इतका फरक आहे की एकाच्या जागी दुसरा वापरला तर बातमीचा अर्थच पार बदलतो. हे फक्त तुमच्याच पेपरात होतं असं नाही, सगळ्याच पेपरात होतं, पण मी तुमचा रोजचा वाचक म्हणून तुम्हालाच लिहितोय.

मी अंबाजोगाईला स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. पोरं गेवराई, धारूर, वडवणी, केज, रेणापूर इकडून तिकडून येतात, बहुतेक शेतकऱ्याची नाहीतर ऊसतोड कामगाराची. निबंधात हमखास लिहितात की मराठवाड्यात दर दोन-तीन वर्षाला फॅमिन पडतं, आणि तीच पोरं १९४३ च्या बंगालला ड्रॉट म्हणतात. दोन्ही चूक. पण पोरांना काय म्हणणार, त्यांनी लहानपणापासून पेपरात एकच शब्द वाचलेला असतो आणि डिक्शनरी उघडली तर तिच्यातही दोन्हीपुढं दुष्काळच लिहिलेलं सापडतं.

फॅमिन हा शब्द मूळ लॅटिनमधल्या भुकेच्या शब्दावरून आलाय. ड्रॉट हा जुन्या इंग्रजीतला, ड्राय ज्या मुळातून आला त्याच मुळातला, म्हणजे कोरडेपणा. एक पोटाचा शब्द आहे आणि दुसरा जमिनीचा. त्यामुळं दोन्हीची मोजमापंही वेगळी. ड्रॉट मोजायचं तर पाऊस, धरण, विहीर, मातीतली ओल बघतात. आपल्या हवामान खात्याचा जुना निकष असा की पावसाळ्यात सरासरीपेक्षा २६ टक्के किंवा त्याहून कमी पाऊस झाला तर त्या भागात ड्रॉट, आणि तूट ५० टक्क्याच्या वर गेली तर तीव्र ड्रॉट. त्यातही प्रकार आहेत, आभाळाचा वेगळा, धरणा-विहिरींचा वेगळा आणि पिकाचा वेगळा. आपल्याकडं पिकाचा लई वेळा होतो, कागदावर सरासरी भरलेली दिसते पण ऑगस्टमध्ये तीन आठवडे थेंब नाही, सोयाबीन ऐन फुलात वाळून जातं, आणि मग परतीचा पाऊस येऊन आकडा भरून काढतो. आकडा भरतो हो, पण शेंगा भरत नाहीत.

फॅमिन मोजायचं तर पावसाकडं बघतच नाहीत, माणसाकडं बघतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आज जे मोजमाप लावतात त्यात तीन गोष्टी आहेत, किमान २० टक्के घरांत खायला जवळजवळ काहीच नाही, ३० टक्के लेकरं तीव्र कुपोषित, आणि दर १० हजार लोकांमागं रोज किमान दोन जण उपासमारीनं किंवा उपासमार आणि रोग एकत्र येऊन मरतात. ह्या तिन्ही जमल्या तरच ते फॅमिन म्हणतात. २०११ ला सोमालियात म्हणलं, २०१७ ला दक्षिण सुदानमध्ये म्हणलं. सोमालियात पाऊसही नव्हता आणि युद्धही होतं, दक्षिण सुदानमध्ये तर मुख्य कारण युद्धच होतं. आता अशा बातमीला आपण नुसतं 'दुष्काळ' लिहिलं की आपला वाचक काय समजणार, तर तिकडं बिचाऱ्यांकडं पाऊस पडला नाही. बंदुकीचा, अडवलेल्या रस्त्यांचा, लुटलेल्या गुरांचा पत्ताच त्याला लागत नाही.

पाऊस नसला म्हणजे माणसं उपाशी मरतातच असं नाही आणि पाऊस चांगला असला म्हणजे मरत नाहीत असंही नाही. हे दोन वेगळे प्रसंग आहेत आणि दोन्हीची मोठी उदाहरणं आपल्या देशातच आहेत. बंगालमध्ये १९४३ ला २० ते ३० लाख माणसं गेली. तिथं शेतात भेगा पडल्या नव्हत्या. वादळानं भाताचं नुकसान झालं होतं, ब्रह्मदेश जपान्यांच्या हातात गेल्यामुळं तिकडचा तांदूळ बंद झाला होता, सरकारनं किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या होत्या, युद्धाच्या पैशानं भाव भडकले होते, आणि मजुराची मजुरी होती तिथंच होती. अमर्त्य सेन यांनी पुढं आकडे मांडून दाखवलं की त्या साली बंगालमध्ये धान्य फार कमी होतं असं नाही, ज्यांना ते घेता येत होतं त्यांच्याकडं ते गेलं आणि भूमिहीन मजूर, कोळी, छोटे कारागीर मेले. आणि ह्यातली मला सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट म्हणजे त्यावेळच्या सरकारनं बंगालमध्ये फॅमिन जाहीरच केलं नाही. जाहीर केलं असतं तर फॅमिन कोड, म्हणजे अशा वेळी सरकारनं काय करायचं त्याची नियमावली, लागू करावा लागला असता, कामं काढावी लागली असती, धान्य वाटावं लागलं असतं. म्हणून तो शब्दच तोंडातून काढला नाही.

आता आपलं बहात्तर, म्हणजे १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ, बघा. आपल्याकडचा कुठलाही म्हातारा माणूस एक वाक्य बोलतोच, 'बहात्तरला खायला नव्हतं पण प्यायला पाणी होतं, आता खायला आहे पण प्यायला पाणी नाही.' पारावर बसलेल्या माणसानं केलेला हा हिशोब आहे, आणि त्याला फॅमिन आणि ड्रॉट हे शब्द माहीत नसूनही त्यानं दोन्ही बरोबर वेगळे काढलेत. अन्नाचा हिशोब एक, पाण्याचा हिशोब एक.

माझी आई बहात्तरला खडी फोडायला होती. ती सांगायची की हातोडीनं बोटं सुजायची, सुजलेल्या बोटांना चिंधी गुंडाळून परत बसायचं, डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून पदर तोंडावरून ओढून घ्यायचा, आणि ब्रास मोजायला मुकादम आला की पोटात गोळा यायचा. कामावर सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची, ती पोरांसाठी पदरात बांधून आणायची. रेशनवर लाल मिलो, म्हणजे लाल ज्वारी, आली होती, अमेरिकेची, तिची भाकरी थापताना तुटायची, काठ धरायचाच नाही, रंग असा की लेकरं हात लावत नव्हती. पण ती भाकरी होती. त्या कामावर आणि त्या मिलोवर आमचं घर जगलं, गावातलं कुणी उपाशी मेलं नाही असं आई सांगायची. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर ५० लाखाच्या जवळपास माणसं अशी कामावर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, त्यातले कितीतरी रस्ते आजही आपण वापरतो. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातली रोजगार हमी ह्याच काळात राज्यभर उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि पुढं सगळ्या देशानं रोजगार हमीचा कायदा केला त्याचं मूळ हेच.

म्हणजे बहात्तरला ड्रॉट होतं, भयंकर होतं, सलग काही वर्षं होतं, पण त्याचं फॅमिन होऊ दिलं नाही. ही महाराष्ट्राची खरोखर मोठी कामगिरी आहे आणि जगभरचे अभ्यासक ती नावाजतात. आपण मात्र दोन्हीला एकच शब्द लावून ती कामगिरीच पुसून टाकतो. पोरांना आपण 'बहात्तरचा दुष्काळ' शिकवतो, पण माणसं वाचली कशी ते शिकवत नाही.

ज्यावेळी फॅमिन होऊ दिलं गेलं त्यावेळचं चित्र वेगळं आहे. १८७६ ते ७८ ला पाऊस गेला, मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाख्याचा दख्खन आणि आपलं निजामाचं राज्य, सगळीकडं. पाऊस गेला हे आभाळाचं. पण रेल्वेनं धान्य बंदराकडं जात राहिलं, व्यापारात हात घालायचा नाही हे सरकारचं धोरण, आणि रिचर्ड टेम्पल ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं कामावरच्या गड्याचं रोजचं धान्य एक पौंडावर आणलं, म्हणजे अर्धा किलोही नाही, वर एक आणा. दिवसभर खडी फोडायची आणि एवढं खायचं. हे मात्र माणसाचं. लाखो मेले, मग कमिशन बसलं, मग १८८० च्या दशकात फॅमिन कोड आले. आणि त्याच्याही आधीचं, १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. तिथं दुष्काळ म्हणजे फॅमिन, सरळ सरळ. तोच शब्द आपण आज विहिरीच्या पातळीसाठी वापरतो.

फॅमिन कोडमध्ये एक गोष्ट चांगली होती. अधिकाऱ्यानं वाट बघत बसायचं नाही, लक्षणं बघायची, धान्याचे भाव अचानक वाढले का, माणसं गाव सोडून भटकायला लागली का, गुरं कवडीमोल विकायला लागली का. लक्षणं दिसली की कामाला लागायचं. मी हे पोरांना शिकवतो तेव्हा वर्गात शांतता होते, कारण गाव सोडून जाणं हे ज्या कागदात धोक्याचं लक्षण म्हणून लिहिलंय ते आमच्या बीड जिल्ह्यात दसरा झाला की दरवर्षी होतं. ट्रॅक्टरवर बिऱ्हाड, कोयता, लेकरं, कोंबड्या, आणि चालले पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला. ते इतकं सवयीचं झालंय की त्याला कुणी लक्षण म्हणत नाही, हंगाम म्हणतात.

आता शब्द कसे काढून टाकले जातात ते सांगतो कारण माझं खरं दुखणं तिथं आहे. १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळानं एक कायदा केला, राज्यातल्या सगळ्या कायद्यांतून फॅमिन हा शब्द वगळण्याचा. कारण असं दिलं की सरकार शेतीच्या परिस्थितीवर कायम लक्ष ठेवून असतं, टंचाईची चिन्हं दिसली की लगेच उपाय होतात, म्हणून आता फॅमिन होण्याला वावच उरला नाही. शब्द काढला आणि त्याच्या जागी स्कार्सिटी, म्हणजे टंचाई, बसवला. ज्यांनी हे केलं त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, स्वातंत्र्य मिळालं होतं, नवं राज्य होतं, आत्मविश्वास होता. पण नऊ वर्षांत बहात्तर आलं.

पुढं ड्रॉटचंही तेच. २०१६ च्या सुरुवातीला हवामान खात्यानं देशपातळीच्या अंदाजात ड्रॉट शब्द वापरणं बंद केलं आणि कमी पावसाचं वर्ष, अति कमी पावसाचं वर्ष असं म्हणायला लागले. त्याच साली एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला १० वाघिण्या, ५ लाख लिटर. लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. मांजरा धरण कोरडं ठाक. आणि सरकारी कागदात तेव्हा काय लिहिलेलं होतं, तर 'दुष्काळसदृश परिस्थिती'. सदृश! घागरी घेऊन रात्रभर रांगेत उभ्या असलेल्या बायांना जाऊन सांगा की हे सदृश आहे म्हणून. शेवटी हायकोर्टात विषय गेला आणि मे २०१६ मध्ये सरकारनं कळवलं की जिथं जिथं दुष्काळसदृश, टंचाई असं लिहिलंय तिथं दुष्काळ असं वाचावं, २९ हजाराच्या आसपास गावं होती ती. उन्हाळा संपत आल्यावर. २०१८ ला परत ऑक्टोबरमध्ये आधी १८० तालुक्यांत दुष्काळसदृश आणि महिना संपताना १५१ तालुक्यांत दुष्काळ.

कुणी म्हणेल शब्दात काय एवढं. शब्दावर सवलती आहेत साहेब. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, कनेक्शन तोडायचं नाही, टँकर, रोजगार हमीचे निकष सैल, आणि पोरांची परीक्षा फी माफ. २०२३ ला पहिल्या यादीत राज्यातले फक्त ४० तालुके होते, बीड जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई तेवढे आले. बाकीच्या तालुक्यांतली महसूल मंडळं, म्हणजे तालुक्यातले गावांचे गट, नंतर आली, राज्यभरात १०२१, आणि त्यांच्यापुढं परत दुष्काळसदृश. माझ्या वर्गात एका बेंचवर बसलेल्या दोन पोरी, दोघींच्या शिवारात सारखंच वाळलेलं कापूस-सोयाबीन, एक यादीतल्या तालुक्यातली आणि एक यादीबाहेरची. यादीबाहेरची मला विचारायली, सर, आमच्याकडं कशाच्यासारखं झालंय मग? तिला मी निकष समजावून सांगितले, पावसाचा खंड, पिकाची स्थिती, मातीची ओल, भूजल, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि फी भरायला वडिलांना फोन लावला.

आणखी एक, ओला दुष्काळ. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात नुसती पिकं नाही तर मातीसुद्धा वाहून गेली, खरडून खाली खडक उघडा पडला, गुरं दावणीला मेली. लोक म्हणले ओला दुष्काळ जाहीर करा आणि सरकारकडून उत्तर आलं की नियमात अशी संज्ञाच नाही, टंचाईच्या सवलती मात्र देऊ. काही इंग्रजी वाहिन्यांवर त्याचं वेट ड्रॉट असं भाषांतर ऐकलं आणि बाहेरच्या माणसाला ते कळणारच नाही, पुरात ड्रॉट कसला. पण आपल्या माणसाला कळतं, कारण आपल्या दुष्काळात पाऊस हा शब्दच नाही, वाईट काळ एवढंच आहे त्यात, आणि वर्षाचं उत्पन्न गेलेल्या माणसाला तो वाईट काळच असतो, मग कोरडा असो की ओला. म्हणून 'दुष्काळ' हा शब्द सोडून द्या असं माझं म्हणणं अजिबात नाही. तो आपला आहे, लोकांच्या तोंडातला आहे. माझं म्हणणं एवढंच की तो एकटा सोडू नका, त्याच्या सोबत दुसरा शब्द द्या.

शब्द आपल्याकडं आहेत. फॅमिनसाठी दुर्भिक्ष आहे, ज्या काळात भीकसुद्धा मिळत नाही तो काळ, ह्याहून नेमकं काय पाहिजे. ड्रॉटसाठी अवर्षण आहे. ते जड वाटत असतील तर सरळ 'अन्नाचा दुष्काळ' आणि 'पाण्याचा दुष्काळ' लिहा, खेड्यातला माणूस तसंच बोलतो. तेही नको असेल तर फॅमिनच लिहा देवनागरीत, आपण तहसील, टँकर, पॅकेज लिहितोच की.

तुमच्या संपादक मंडळाला माझी हात जोडून विनंती आहे. परदेशी बातमी भाषांतर करताना मूळ शब्द कोणता हे बघा, फॅमिन असेल तर उपासमार कुणामुळं झाली हे दोन ओळींत तरी द्या. बहात्तरवर लेख छापाल तेव्हा रोजगार हमीची, सुकडीची, मिलोची गोष्ट त्यात येऊ द्या, खडी फोडलेल्या बाया अजून गावोगाव हयात आहेत, वार्ताहरांना त्यांच्याकडं पाठवा, अजून थोडी वर्षं आहेत. सरकारी पत्रकात दुष्काळसदृश, टंचाईसदृश आलं की ते तसंच्या तसं हेडिंगला घेऊ नका, त्या तालुक्याचे पाऊस, भूजल, पेरणीचे आकडे शेजारी छापा आणि कोणत्या निकषात तालुका बसला नाही हे अधिकाऱ्याला विचारून लिहा. आणि जिल्हा पानावर उन्हाळ्यात टँकरची संख्या तुम्ही देताच, त्यासोबत त्याच जिल्ह्यात उसाखाली किती क्षेत्र आहे तोही आकडा द्या. पाणी आभाळातून कमी आलं की जमिनीवर कुणाकडं जास्त गेलं हे वाचकाला आपोआप दिसेल.

यंदाच्या पावसाळ्यापासूनच हे सुरू झालं तर फार बरं होईल. माझ्या पोरांच्या परीक्षा जवळ आल्यात आणि चालू घडामोडी ते तुमच्याच पेपरातून वाचायलेत.

आपला,
एक शिक्षक वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड